एरंडेलाच्या तेवीस बाटल्या

माणसाला कशाचा गर्व असावा याला काही धरबंध नाही. कुणाला रूपाचा असतो, कुणाला आवाजाचा, कुणाला नुसत्या मिशांचा. स्टोअरसाहेबांना गर्व होता तो एका वाक्याचा, आणि तेही कधी न उच्चारलेल्या. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली, पण खिडकीवर आलेल्या माणसाला त्यांनी एकदाही "माहीत नाही" असं सांगितलं नव्हतं. पाव इंची बोल्ट? चौथी रांग, दुसरा खण, डावीकडून तिसरा डबा. डोळे मिटून हात घालायचे आणि बोल्ट काढून द्यायचे. लेबलं दुसऱ्यांसाठी असतात, आपल्याला जागा पुरते, असं ते म्हणत. पुढे ते निवृत्त झाले, पण ती खिडकी काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाली नाही.

घरी त्यांचं स्टोअर म्हणजे जिन्याखालचं कपाट. आत टर्पेंटाइन होतं, थिनर होतं, रॉकेल होतं, फरशी घासायचं ॲसिड होतं, ढेकणांचं औषध होतं, वॉर्निश होतं, आणि कारखान्यानेही वापरायचं सोडून दिलेल्या दोन-तीन जालीम चिजा होत्या. "लागतं कधीतरी," असं ते म्हणायचे. पंचवीस वर्षांत यातलं काही म्हणजे काही लागलं नव्हतं. बरं, नुसतं साठवून गप्प बसले असते तर ते स्टोअरसाहेब कसले? मूळचे डबे होते वेगवेगळ्या उंचीचे, कुणाचा पत्रा गंजलेला, कुणाचं झाकण वाकडं. ते त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. म्हणून त्यांनी कँटीनमधून सॉसच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, सगळ्या एका मापाच्या. एकेका बाटलीत एकेक पदार्थ ओतला, उजेड लागू नये म्हणून प्रत्येक बाटली खाकी कागदात गुंडाळली आणि फळीवर एका रांगेत मांडली. डबे गेले भंगारात.

राहता राहिलं लेबल. घरात तेव्हा पाच वर्षांची लेक होती आणि तिचे हात सगळीकडे पोचायचे. कुलूप लावलं तर ती किल्ली शोधून काढायची. 'विष' लिहिलं असतं तर तिला आधी विष बघायचं असतं. जगात एकच चीज अशी होती, जिचं नुसतं नाव काढलं तरी पोरगी पलंगाखाली जाऊन बसायची. तेव्हा स्टोअरसाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात तेवीस लेबलं लिहिली आणि तेवीसच्या तेवीस लेबलांवर एकच शब्द लिहिला: एरंडेल. आत खरं काय आहे ते त्यांना जागेवरून माहीत होतं. लेक त्या कपाटाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या ती नाक दाबून एका उडीत संपवायची.

बायकोला या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या नवऱ्याने तेवीस बाटल्या एरंडेल भरून ठेवलंय, एवढंच तिला दिसत होतं. तिने मनाशी म्हटलं, कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या नवऱ्याला बाटलीचा. आपल्याला बाटलीवालाच मिळालाय, पण निदान एरंडेलाच्या. वर्षातून दोनदा ती ते कपाट पुसून काढायची आणि त्याबद्दल चकार शब्द बोलायची नाही.

असं सगळं सुखाने चाललं होतं. मग नातू रांगायला लागला.

नातवाचं कागदावरचं नाव काहीही असो, घरात त्याला गट्टमराव म्हणत. वय अकरा महिने. रांगायला लागल्यापासून दोन महिन्यांत त्याने बापाची चप्पल, वर्तमानपत्राचं क्रीडापान, छत्रीची मूठ आणि शेजारच्या काकूंच्या पदराचं टोक एवढा माल चाखून पाहिला होता. लेकीने एक दिवस येऊन सांगून टाकलं.

"बाबा, ते कपाट रिकामं झाल्याशिवाय मी गट्टमला तुमच्या फरशीवर सोडणार नाही."

"अगं, प्रत्येक बाटलीला लेबल आहे," स्टोअरसाहेब म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"त्याला वाचता येत नाही, बाबा."

पंचवीस वर्षांत त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, की एरंडेलाला घाबरायचं तर आधी वाचता यायला हवं आणि ते एकदा प्यायलेलंही असायला हवं. गट्टमरावांची दोन्ही बाबतींत पाटी कोरी.

दोन महिने झाले, नातवाला भेटायला त्यांना लेकीच्या घरी जावं लागत होतं. तिथे ते खुर्चीवर बसत. त्यांच्यापुढे बशीत बिस्किटं येत. नातू पंधरा मिनिटं मांडीवर मिळे, मग त्याची झोपायची वेळ होई. स्वतःच्या लेकीच्या घरी पाहुणा होणं त्यांना फार लागलं. त्यांना नातू आपल्या घरात, आपल्या फरशीवर, आपल्या पायात लुडबुडताना हवा होता. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

नगरपालिकेची घातक कचऱ्याची गाडी वर्षातून दोनदा यायची, रविवारी सकाळी नऊ ते बारा, मैदानाच्या कोपऱ्यावर. ही खेप चुकली की पुढची सहा महिन्यांनी. तोवर गट्टमराव दोन पायांवर पळायला लागणार, आणि रांगण्याचे दिवस काही कुणी परत आणून देत नाही. स्टोअरसाहेबांनी नगरपालिकेचं पत्रक आणून भिंतीवर लावलं आणि शनिवारी सकाळीच बाह्या सरसावल्या.

त्यांनी जे केलं ते चोख केलं, हे कबूल करायला हवं. जुन्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली. पाऱ्याचा थर्मामीटर कापूस घातलेल्या बरणीत झोपवला. फुटू नयेत म्हणून ट्यूबलाइट गोधडीत गुंडाळल्या. मुदत संपलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानातल्या जमा-पेटीत टाकून आले. पत्रकात लिहिलं होतं: मोरीत ओतू नका, एकात एक मिसळू नका, वास घेऊन पाहू नका, आत काय आहे ते स्पष्ट लिहा. शेवटच्या वाक्याशी ते जरा थबकले. मग त्यांनी पेन उघडलं, बाटल्या फळीवरून रांगेने एकेक काढल्या आणि जुन्या लेबलावर नवं चिकटवत गेले. डावीकडून पहिली, टर्पेंटाइन. दुसरी, थिनर. तिसरी, ॲसिड. कुठे अडखळणं नाही, कुठे खाडाखोड नाही. बायको चहा घेऊन आली, नवी लेबलं पाहिली आणि तिने मनाशी म्हटलं, आता हे एरंडेलाला टोपणनावंही ठेवायला लागले. पण बोलली नाही. तीस-बत्तीस वर्षांची सवय होती.

रविवारी जावईबापू गाडी घेऊन आले. जावईबापूंचा सासऱ्यांवर जीव होता, आणि त्याला कारणही होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी राहायला आले तेव्हा त्यांचं पोट बिघडलं. सासूबाई मायेपोटी जिन्याखाली गेल्या, एक बाटली काढली, चमचा भरला. तेवढ्यात स्टोअरसाहेबांनी सोफ्यावरून उडी मारली आणि चमचा-बाटली दोन्ही हिसकावून घेतली. "जावयाला एरंडेल देतेस? जरा काही वाटू दे," असं ओरडले. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सख्ख्या बापाने आपल्यासाठी सोफा ओलांडला नसता, असं ते चार वर्षं मित्रांना सांगत होते.

तर जावईबापूंनी सगळ्या बाटल्या खोक्यात उभ्या ठेवून डिकीत घातल्या, काचा उघडल्या, आणि गाडी एवढी हळू चालवली की एका सायकलवाल्याने मागून घंटी वाजवली. लेक बाबागाडीत गट्टमरावाला घालून आईबरोबर पायी निघाली. कपाट खरंच रिकामं होतंय हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मैदानावर कचऱ्याच्या गाडीभोवती दोरी बांधली होती आणि मुलांना दोरीच्या आत येऊ देत नव्हते. म्हणून त्या दोघी बाहेर थांबल्या. पण ऐकू सगळं येत होतं.

रांगेत स्टोअरसाहेबांच्या मागे नेमका त्यांच्या कारखान्यातला जुना फिटर येऊन उभा राहिला, हातात एक लांबलचक ट्यूबलाइट घेऊन. या फिटरने उमेदीच्या काळात स्टोअरसाहेबांना पकडायची फार खटपट केली होती. नसलेल्या नटांची नावं सांगून पाहिली होती. "असला नट नसतो," असं शांतपणे ऐकून दरवेळी हात हलवत परत गेला होता.

गाडीवर एक बाई होती. पिवळे हातमोजे, जाड काचांचा गॉगल, समोर वही. तिने थर्मामीटरची बरणी पाहिली, बॅटऱ्यांवरच्या चिकटपट्ट्या पाहिल्या, आणि म्हणाली, "काका, सगळे असे आले असते तर माझी नोकरीच गेली असती. असं कुणी करत नाही हो."

"चौतीस वर्षं स्टोअरला होतो," स्टोअरसाहेब म्हणाले. दोरीपलीकडे लेकीने ऐकलं की नाही, हे त्यांनी हळूच पाहून घेतलं. लेक हसत होती. दुपारी नातू फरशीवर, असं त्यांनी मनात लिहूनही टाकलं.

बाटल्यांचं खोकं पुढे आलं. बाईने दोन पिंपं ओढली. "पेट घेणाऱ्या लालमध्ये, ॲसिडं निळ्यामध्ये. तुमची लेबलं आहेत म्हणजे प्रश्नच नाही. गेल्या खेपेला एका सद्गृहस्थांनी बाटलीवर 'पाणी' लिहून दिलं होतं. मी विश्वास ठेवला. वाटेत ती फुटली." तिने गॉगल वर केला. "ही डावी भुवई पेन्सिलीने काढलेली आहे."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच पेन्सिलीची होती, आणि घाईत काढल्यामुळे जरा जास्तच आश्चर्यचकित दिसत होती.

नेमकी तेव्हाच दोरीपलीकडे लेक आईला विचारत होती, "आई, एवढ्या बाटल्या तू पुसायचीस कशी गं?"

"कशी म्हणजे? सगळ्या खाली काढायच्या, पुसायच्या, परत फळीवर ठेवायच्या."

"होत्या त्याच जागी?"

"जागा कशाला लक्षात ठेवू? तेवीसच्या तेवीस एरंडेल. कुठलीही कुठेही ठेवली तरी एरंडेलच ना?"

ते स्टोअरसाहेबांच्या कानावर पडलं आणि त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पंचवीस वर्षं, वर्षातून दोनदा. म्हणजे पन्नास वेळा त्या बाटल्यांची पत्त्यांसारखी पिसणी झाली होती, आणि ते डावीकडून पहिली, डावीकडून दुसरी करत बसले होते.

बाईने पहिली बाटली उचलली. "थिनर. लालमध्ये."

आता इथे तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं कोण जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच मिनिटं तोंड मिटून उभं राहायचं. बाटल्या गेल्या असत्या, कपाट रिकामं झालं असतं, लेक खूश, दुपारी नातू घरी. आणि बोललं तर? लेकीपुढे पितळ उघडं. नव्या लेबलांचं खोटं, जुन्या लेबलांचं खोटं, सगळंच. शिवाय मागे फिटर. स्टोअरसाहेबांनी लेकीकडे पाहिलं, बाबागाडीतून बाहेर आलेल्या गट्टमरावाच्या पायाकडे पाहिलं, आणि मग बाईकडे पाहिलं. तिची उजवी भुवई खरी होती. चांगली जाड होती. बिचारीकडे तेवढी एकच उरली होती.

"थांबा," ते म्हणाले. "ते थिनर नाही."

"बरं. मग काय आहे?"

चौथी रांग, दुसरा खण, असं काहीतरी सवयीने त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

मागे फिटरच्या हातातून ट्यूबलाइट निसटली. जावईबापूंनी ती गुडघ्यांवर झेलली म्हणून बरं, नाहीतर तिथेच पाऱ्याचा कारभार झाला असता. "काय म्हणाले?" फिटरने विचारलं. "परत एकदा म्हणायला सांगा की. माझं लक्ष नव्हतं."

"आणि ही?" बाईने दुसरी बाटली दाखवली.

"माहीत नाही. तेवीसांतली एकही माहीत नाही. लेबलं मी काल लिहिली, आणि ती सगळी चुकीची आहेत. त्याच्या खालची लेबलं पंचवीस वर्षांपूर्वी लिहिली, तीही चुकीची आहेत." एकदा बांध फुटला तो फुटलाच. त्यांनी खिडकीपासून सॉसच्या बाटल्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. बायको दोरीला धरून ऐकत होती. "म्हणजे एरंडेल एकाही बाटलीत नव्हतं?" एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज जरा हिरमुसलेला वाटला. पंचवीस वर्षं तिने नवऱ्याचा नाद निमूट सांभाळला होता, आणि तो नादच खोटा निघाला.

जावईबापूंच्या डोक्यात उजेड जरा सावकाश पडला. "बाबा, त्या दिवशी आई मला जो चमचा देत होत्या..."

"हो, जावईबापू."

"त्यात काय होतं?"

"माहीत नाही."

जावईबापू ट्यूबलाइट पोटाशी धरून खाली गवतावर बसले.

स्टोअरसाहेबांना वाटलं, आता बाई खोकं उचलून परत हातात देणार. न्या घरी, आणि सहा महिन्यांनी या. पण बाईने निमूट मागून तिसरं पिंप ओढलं. करड्या रंगाचं होतं आणि त्यात वाळू भरली होती.

"हे 'माहीत नाही'चं पिंप," ती म्हणाली. "एकेक बाटली वेगळी वाळूत बसते. तिकडे प्रयोगशाळेत तपासतात. काका, 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांची आम्हाला सवय आहे. खोटं नाव लिहून देणाऱ्यांमुळे मात्र भुवई जाते." मग तिने त्यांच्यापुढे कोऱ्या लेबलांची गड्डी सरकवली. "तुमची ती लेबलं झाका. प्रत्येक बाटलीवर लिहायचं."

"काय लिहायचं?"

"काय आहे ते. 'माहीत नाही'."

तर स्टोअरसाहेब घडीच्या टेबलाशी बसले आणि आपल्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात त्यांनी तेवीस वेळा 'माहीत नाही' लिहिलं. पहिल्या तीन वेळा खाडाखोड झाली. सातव्याला 'ही'ची वेलांटी नीट आली. पंधराव्यापर्यंत त्यांना चक्क बरं वाटायला लागलं, आणि विसाव्याला ते गुणगुणत होते. फिटर एकेका लेबलाला गोंद लावून देत होता. तेविसावं झाल्यावर त्याने हळूच विचारलं, एक जास्तीचं लिहून देता का, घरी भिंतीवर लावतो. दिलं त्यांनी.

मग उठून दोरीशी गेले. लेकीचा चेहरा बघायची त्यांची छाती होईना, म्हणून ते बाबागाडीच्या चाकाकडे बघत राहिले.

"सगळ्यांवर एरंडेलच का लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"तू पाच वर्षांची होतीस. दुसऱ्या कशाला घाबरायची नाहीस."

तिने गट्टमरावाचा बाहेर आलेला पाय आत घेतला. मग म्हणाली, "बाबा, मी अजूनही तुमच्या जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरते. सातव्या महिन्यातसुद्धा मारली होती. डॉक्टरीणबाई केवढ्या रागावल्या होत्या."

"चुकलं माझं," स्टोअरसाहेब म्हणाले. "तू राहू दे. मीच येत जाईन तुमच्याकडे. खुर्चीवर बसेन."

"कशाला?" लेक म्हणाली. "त्या कपाटाची भीती मला कमीच होती. तुम्हाला सगळं माहीत असायचं ना, त्याची भीती वाटायची. दुपारी आणते त्याला."

दुपारी गट्टमराव आले. फरशीवर ठेवल्याबरोबर त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही, खेळण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं घर सोडून ते सरळ जिन्याखालच्या उघड्या कपाटाकडे निघाले. कपाट साबणाच्या पाण्याने धुतलं होतं, दोनदा. तरी लेक जागची उठली.

"बाबा, आत काही राहिलंय का?"

कालचे स्टोअरसाहेब असते तर खुर्चीवरूनच उत्तर आलं असतं. आजचे स्टोअरसाहेब गुडघ्यांवर आले.

"माहीत नाही," ते म्हणाले. "धर त्याला जरा, बघतो."

आणि हातात बॅटरी घेऊन ते रांगत कपाटात शिरले. चारही कोपरे चाचपले. डोकं फळीवर आपटलं. मागच्या फटीत बाटलीचं एक जुनं बूच सापडलं, ते कागदात गुंडाळून त्यांनी बाहेर बायकोच्या हातात दिलं. परत एकदा सगळं चाचपून झाल्यावर आतूनच हाक मारली, "सोड त्याला."

गट्टमराव आत गेले. अंधारात आजोबांच्या पोटावर चढले, चष्मा ओढला, आणि हाताला लागलं ते आजोबांचं नाक तोंडात घालून पाहिलं. नाकावर कसलंही लेबल नव्हतं. बराच वेळ त्यांनी ते सोडलं नाही.